रमजानच्या रात्री, मुलांची खोली

रमजानमध्ये भेटणारे मित्र दरवर्षी मला एकच प्रश्न विचारतात, "सर, दिवसभर पाणीसुद्धा नाही, कसं जमतं तुम्हाला?" मीही दरवर्षी तेच उत्तर देतो. भूक आणि तहान शरीर तिसऱ्या-चौथ्या रोज्यापर्यंत जमवून घेतं. जमत नाही ती झोप. पहाटे सव्वाचारला सहरीसाठी उठायचं, रात्री तरावीहची नमाज संपवून घरी यायला दहा वाजतात आणि मधला दिवस नेहमीसारखाच नोकरीचा. मोठी माणसं दुपारी कुठंतरी पाठ टेकतात आणि महिना काढतात. पण घरात लहान मुलं असली, तीही एकाच खोलीत झोपणारी दोन, तर हा हिशेब फार लवकर बिघडतो. आमच्याकडे तो गेल्या वर्षी बिघडला. त्याची ही हकीकत.

सोलापुरातलं आमचं घर जुन्या पद्धतीचं आहे. रस्त्याला लागून बैठकीची खोली, तिच्यामागे मधली खोली, मग चार पावलांचं अंगण आणि अंगणापलीकडे स्वयंपाकघर. आम्हा नवरा-बायकोची खोली वर. मधली खोली माझ्या अम्मीची होती. मुलांची ती दादी. थोरली तीन वर्षांची असताना दादीच्या कुशीत झोपायला गेली ती परत वर आलीच नाही. पुढे धाकटा झाला, दूध सुटल्यावर तोही त्याच वाटेने खाली गेला. जमिनीवर दोन गाद्या शेजारी शेजारी, वर सोलापुरी चादरी, मध्ये दादी, एका अंगाला ही, दुसऱ्या अंगाला तो. मुलांना झोपवणं हे काही काम असतं, हे आम्हा दोघांना त्यामुळे कधी कळलंच नाही. मी कॉलेजात मराठी शिकवतो. रात्री बैठकीत पेपर तपासत बसलेलो असायचो आणि भिंतीपलीकडून आवाज यायचे ते माझ्या लेखी पंख्याच्या आवाजासारखे होते.

आता आठवून लिहितो. इशाची नमाज झाली की अम्मी आधी माठावर झाकण ठेवायची. मग पुढच्या दाराची कडी हाताने ओढून बघायची, मी लावलेली असली तरी. मग दिवे. एक झिरोचा बल्ब सोडून सगळे बंद. थंडीत मुलांच्या तळव्यांना खोबरेल. मग कुराणातल्या शेवटच्या तीन छोट्या सूरा म्हणून ती तळहातांवर फुंकर घालायची आणि ते हात दोन्ही पोरांच्या डोक्यावरून पायापर्यंत फिरवायची. आणि मग बकरी.

बकरी म्हणजे तिची गोष्ट. ती कुठल्या पुस्तकातली नव्हती. अम्मीचं माहेर गुलबर्ग्याचं, आणि सोलापूर ते गुलबर्गा हा पॅसेंजरचा रस्ता तिला स्टेशनांसकट पाठ. एक बकरी होटगीला गाडीत चढते, बिनतिकिटाची. तिलाटीला टीसी येतो. अक्कलकोट रोडला कोणीतरी तिला भाकरी देतं. नागणसूर, बोरोटी, मग दुधनी. प्रत्येक स्टेशनावर काहीतरी घडायचं, रोज थोडं वेगळं. पण दुधनीच्या पुढे ती बकरी कधी गेलीच नाही, कारण तोवर दोन्ही पोरं झोपलेली असायची.

२०२४ च्या दिवाळीनंतर अम्मी गेली. मधली खोली मुलांचीच राहिली, दादीची जागा मात्र रिकामी. थंडीत आम्ही दोघांपैकी कोणीतरी खाली झोपत होतो. नंतर वाटलं, सवय झाली आता. थोरली नऊची, धाकटा पाचचा, एकमेकांना सोबत आहे. २ मार्चला पहिला रोजा आला आणि अम्मीशिवायचा पहिला रमजान सुरू झाला.

पहिल्या दहा दिवसांत काय काय झालं ते सांगतो, आणि त्यात मुलांचा दोष शोधायला जाऊ नका. थोरलीने ठरवलं की यंदा जमतील तेवढे रोजे ठेवायचे. लहान मुलांवर रोजा बंधनकारक नाही, तो वयात आल्यावर होतो. पण वर्गातल्या दोन मैत्रिणी रोजे मोजत होत्या, मग हिलाही मोजायचे होते. आम्हाला कौतुक. ती पहाटे सव्वाचारला उठायची. संध्याकाळी पावणेसातच्या आसपास इफ्तार, मग नमाज, मग जेवण, मग कोणीतरी भेटायला. इशाला मी मशिदीत जायचो. तरावीहच्या वीस रकात संपल्यावर सरळ घरी यावं की नाही? पण विजापूर वेशीचा मीना बाजार त्या वेळी नुकता रंगात आलेला असतो. मित्र भेटतात, चहा होतो, मुलांसाठी फालुदा बांधून घेतला जातो. घरी आलो की मुलं झोपेत. "फक्त पाच मिनिटं, वितळून जाईल," असं म्हणून मी त्यांना उठवायचो. हो, मीच. एकदा नाही, चार-पाच वेळा.

पुन्हा झोपायला बारा. म्हणजे थोरलीला पहाटेपर्यंत चार-सव्वाचार तास, आणि सहरीनंतर शाळेच्या आधी दीड-दोन तासांचा तुकडा. सहाव्या रोज्याला ती वर्गात बाकावर डोकं ठेवून झोपली आणि बाईंनी वहीत चिठ्ठी लिहून पाठवली. धाकट्याचं वेगळंच. तो दिवसभर किरकिर करू लागला, बहिणीला चावला, आणि दोन वर्षांपूर्वी सुटलेली अंथरूण ओलं करायची सवय परत आली. रात्री दिवा घालवला की दोघांचं भांडण ठरलेलं: खिडकीकडची बाजू कोणाची, पंखा किती जोरात, कोणाची चादर कोणाच्या हद्दीत. त्यावर माझी पत्नी ओरडायची, मग मी वरून ओरडायचो. तीही शाळेत शिकवते. पहाटे चारला उठून सहरी करायची, रात्री अकराला भांडी आवरायची. तिला झोप किती मिळते हे मी त्या दहा दिवसांत एकदाही विचारलं नाही.

मग अकराव्या रोज्याची पहाट. आदल्या रात्री मी उशिरा आलो, एका हातात फालुदा, दुसऱ्या हातात फळांची पिशवी. दार पायाने ढकलून लोटलं. कडी लावायची राहिली.

सहरीला आम्ही तिघं मागे स्वयंपाकघरात होतो. धाकट्याची झोप मोडू नये म्हणून मधल्या खोलीचं अंगणाकडचं दार मी बाहेरून ओढून घेतलं होतं. दार जड, त्याला एकट्याला उघडता येत नाही. मिक्सर चालू होता आणि मशिदीच्या भोंग्यावरून वेळ सांगत होते. त्याने हाका मारल्या असतील. आम्हाला ऐकू आल्या नाहीत.

पावणेपाचच्या सुमाराला पुढच्या दारातून आवाज आला, "सर, ओ सर!" समोर राहणाऱ्या अक्का. त्या पद्मशाली समाजातल्या, दिवसभर विड्या वळतात आणि रोज पहाटे उठून दारात सडा घालतात. त्यांच्या ओल्या हातात माझ्या मुलाचा हात होता. "कोपऱ्यावर उभं होतं पोरगं. एकटंच. पायात चप्पल नाही." कोपऱ्यापुढे मोठा रस्ता आहे आणि पहाटे त्यावरून उसाचे ट्रॅक्टर जातात.

तो रडत नव्हता. मी उचलून घेतल्यावर त्याने दखनीत सांगितलं, "सबी लोगां दादीकने गये समझा मैं." म्हणजे सगळे दादीकडे गेले असं त्याला वाटलं. जाग आली तर शेजारी आपा नाही, दार लागलेलं, घरात अंधार. दादीही अशीच एका सकाळी जागेवर नव्हती. त्याने जोडायचं ते जोडलं आणि आमच्या मागे निघाला.

त्या दिवशी मी रोजा पूर्ण केला, तास घेतले, पण काय शिकवलं ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी दोघांना घेऊन आमच्या बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी तपासलं, वजन पाहिलं, आणि औषध काही लिहिलं नाही. आधी झोपेचे तास विचारले. मी सांगितलेली बेरीज ऐकून म्हणाले, तीन ते पाच वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत १० ते १३ तास झोप लागते, दुपारची धरून. सहा ते बारा वयाला ९ ते १२. हे आकडे अमेरिकेतल्या झोपविषयक वैद्यकीय संस्थेने २०१६ साली तज्ज्ञांच्या एकमताने दिलेले आहेत, आणि मुलगा अमेरिकेतला असो की सोलापुरातला, मेंदू तोच. मग त्यांनी मला विचारलं, "मुलं किती वाजता झोपतात?" मी म्हटलं, ठरलेलं नाही. "मग तुम्ही घरी किती वाजता येता?" मी म्हटलं, तेही ठरलेलं नाही. ते हसले नाहीत. "पहिलं उत्तर दुसऱ्यामुळे आहे," एवढंच म्हणाले.

मास्तर माणूस, वाचल्याशिवाय राहवत नाही. जोडी मिंडेल नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंचा २००९ चा एक अभ्यास वाचला. ४०५ आया आणि त्यांची तीन वर्षांपर्यंतची मुलं. एक आठवडा नेहमीसारखा जाऊ दिला आणि पुढचे दोन आठवडे रोज रात्री तोच क्रम: अंघोळ, अंगाला हलकं चोळणं, मग शांत काहीतरी, अंगाई किंवा कुशीत घेणं, आणि अर्ध्या तासात दिवा बंद. मुलं लवकर झोपू लागली, रात्री कमी उठू लागली. आणि आयांची स्वतःची मनःस्थितीही सुधारली. मी वाचता वाचता थांबलो. हात फिरवणं, शांत आवाजात काहीतरी म्हणणं, दिवा मंद. चौथी शाळा शिकलेली माझी आई हे रोज करत होती आणि मी भिंतीपलीकडे बसून गुण देत होतो.

तिची यादी तिचीही नव्हती. बुखारीच्या हदीससंग्रहात ती सापडते. रात्र पडू लागली की मुलांना घरात घ्या, दारं लावा, भांडी झाका, दिवे मालवा, आणि प्रत्येक वेळी अल्लाहचं नाव घ्या, अशा आशयाची पैगंबरांची सूचना तिथे आहे. झोपताना तीन सूरा म्हणून तळहातांवर फुंकर घालून अंगावरून हात फिरवण्याची त्यांची सवय हजरत आयशा यांनी सांगितलेली आहे. आणि इशानंतर उगाच गप्पा मारत बसणं त्यांना आवडत नसे, हेही त्याच ग्रंथात आहे. हे वाचताना विजापूर वेशीतला चहा आठवला.

मुलांची झोप हा आपल्याकडे सरकारी विषयही झालेला आहे, हे मात्र फार जणांना आठवत नसेल. तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी होत नाही हा मुद्दा काढला, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला. मला तेव्हा तो पटला होता. वर्गात मी त्यावर बोललोही होतो. शाळा नऊला भरवून काय होणार, बाप बाराला फालुदा खाऊ घालत असेल तर?

क्रम ठरवायला आम्ही नवरा-बायको एका रविवारी दुपारी बसलो. पहिली अडचण मीच होतो. त्या पहाटेपासून धाकटा अंधार पडल्यावर मला घराबाहेर सोडत नव्हता. इशाची अजान झाली की कुर्ता धरायचा. "नक्को जाव." (हा नक्को मराठी नको आहे, आमच्या दखनीने उचललेला. वर्गात मी तो उदाहरण म्हणून सांगतो. घरात त्या आवाजात ऐकला की भाषाशास्त्र सुचत नाही.) तरावीह सोडायची म्हणजे मनाला लागतं. वर्षातून एक महिना मिळते ती, मशिदीत, सगळ्यांबरोबर, पूर्ण कुराण ऐकत. मी मौलानांना गाठलं आणि जरा घाबरतच विचारलं. ते माझ्यापेक्षा वयाने लहान आहेत, त्यांनाही दोन मुलं. म्हणाले, तरावीह घरी पढली तरी होते. मग त्यांनी एक हदीस आठवण करून दिली. पैगंबर नमाजला उभे राहायचे ते लांबवण्याच्या इराद्याने, पण मागे एखाद्या मुलाचं रडणं ऐकू आलं की नमाज आखडती घ्यायचे, कारण त्या मुलाच्या आईचा जीव त्याच्याकडे लागलेला असेल. "खुद्द जमातीची नमाज छोटी होते मुलासाठी," मौलाना म्हणाले, "तुम्ही तर फक्त जागा बदलताय, प्रोफेसरसाब."

मी दहा दिवस रात्री घराबाहेर पडलो नाही.

सात वाजून चाळीस मिनिटांनी जेवण संपलेलं. आलेला पाहुणा असला तर त्याला बैठकीत बसवून मी आत जायचो. आधी हे उद्धट वाटलं, पण लोकांना घरात मुलं असतात, ते समजून घेतात. टीव्ही बंद, दोघांचे मोबाईल स्वयंपाकघरातल्या फळीवर. दात, हातपाय, लघवी. मग धाकटा माझं बोट धरून पुढच्या दाराकडे जायचा आणि कडी स्वतः ओढून बघायचा. त्याचा हात पोचत नव्हता म्हणून पाट ठेवला. हे काम त्याला दिलं ही पत्नीची कल्पना, आणि माझ्या मते त्या महिन्यातली सगळ्यात कामाची. थोरलीकडे माठाचं झाकण आणि दिवे. दोघांच्या उशाशी पाण्याची एकेक बाटली, म्हणजे "पाणी" हे कारण संपलं. मग सूरा, फुंकर, हात. मला अम्मीसारखं जमत नाही, माझा हात जड आहे असं थोरली म्हणते. आठ-सव्वाआठला दिवा बंद. मी उंबऱ्यावर बसून राहायचो, न बोलता, दोघं झोपेपर्यंत.

पहिल्या रात्री हे सव्वादहापर्यंत चाललं. दुसऱ्या रात्री पावणेदहा. आठवड्याने पावणेनऊ, नऊ. चमत्कार वगैरे काही झाला नाही.

डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली होती ती आमच्याकडे साफ फसली. एका खोलीत दोन वयाची मुलं असली की धाकट्याला आधी झोपवा, थोरलीला अर्ध्या तासाने आत पाठवा. कागदावर बरोबर आहे. पण आमचा धाकटा आपा येईपर्यंत टक्क जागा. दर दोन मिनिटांनी, "आपा कहां है?" ज्याची भीतीच जागा रिकामी दिसण्याची आहे, त्याला रिकाम्या गादीशेजारी झोपवायचं हे आम्हाला आधी सुचायला हवं होतं. तीन दिवसांनी सोडून दिलं. दोघं एकदमच आत जाऊ लागली, आणि थोरलीला वेगळी सवलत: भिंतीकडे तोंड करून छोट्या टॉर्चवर वीस मिनिटं वाचायचं. तिला ती मोठेपणाची खूण वाटली. खिडकीच्या बाजूचं भांडण वार ठरवून मिटवलं, सम तारखेला एक, विषम तारखेला दुसरा. ३१ तारखेचं काय, हा प्रश्न थोरलीने लगेच काढला. ३१ मार्चला ईद होती, म्हणून त्या रात्री कोणीच झोपलं नाही.

रोज्यांचंही बोललो. थोरली रडली. नऊ वर्षांच्या मुलीला तू रोजा ठेवू नकोस म्हणणं सोपं नाही, तिला त्यात आपण कमी पडलो असं वाटतं. शेवटी दर रविवारी एक रोजा, आणि बाकीच्या दिवशी इफ्तारच्या दस्तरखानावर खजूर वाटायचं काम तिचं, यावर तह झाला. शनिवारी रात्री ती आमच्याजवळ वर झोपायची, म्हणजे पहाटे तिला उठवताना मधली खोली हलायची नाही. पण हे धाकट्याला झोपायच्या आधी सांगायचं. रोज सांगायचं, रोज तेच: "आज आपा वर आहे. पहाटे अम्मी, अब्बू आणि आपा स्वयंपाकघरात असतील. मधलं दार उघडं असेल. दिवा चालू असेल." पहाटे ते दार आता उघडंच असतं. उजेडाने त्याची झोप मोडली तर मोडू दे, हे आम्ही स्वीकारलं. दोनदा मोडली. तो उठून आला, मांडीवर बसला, अर्धं केळं खाल्लं आणि तिथेच झोपला. सहरीला आपल्याला वगळलं ही त्याची तक्रार राहू नये म्हणून त्याची सहरी वेगळी काढली: वाटीत एक खजूर आणि एक बिस्किट, उशाशी, झाकून. ती तो सकाळी सातला खायचा आणि आठ वाजता पुन्हा नाश्ता. इफ्तारला त्याचाही रोजा सुटायचा.

तरीही घडी मोडली, नाही असं नाही. सत्ताविसाव्या रात्री शब-ए-कद्र म्हणून घर जागं होतं. नणंद-भावजयांचा गोतावळा एका शनिवारी उतरला आणि सहा पोरं मधल्या खोलीत घुसली, तेव्हा मी उंबऱ्यावर बसायचा नादच सोडला. मार्चच्या शेवटी उन्हामुळे सकाळची शाळा सुरू झाली आणि सातच्या शाळेने पुन्हा सगळं ताणलं. तेव्हा दुपारच्या झोपेचा आधार झाला. आमच्यात तिला कैलुला म्हणतात, दुपारची थोडी विश्रांती, आणि ती सुन्नत आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात सुन्नत नसती तरी घेतली असती. पण मोडलेली घडी दुसऱ्या दिवशी सात चाळीसला पुन्हा बसत होती, कारण आता कडी ओढायला एक माणूस पाटावर उभा असायचा.

एकविसाव्या रोज्यानंतर धाकट्याने मला मशिदीत जायची परवानगी दिली. अट त्याची: मी बाहेर पडल्यावर कडी आतून तो लावणार. परत येताना मी घंटी वाजवायची नाही, अम्मीच्या फोनवर एक मिस कॉल द्यायचा. अक्कांना हे कळलं तेव्हा त्या समोरून ओरडून त्याला विचारायच्या, "काय रे वॉचमन, लावली का?" ईदच्या सकाळी शिरखुर्म्याचा पहिला डबा त्यांच्याकडे घेऊन तोच गेला. चप्पल घालून.

एक गोष्ट राहिली. बकरी. ती मला सांगता येत नव्हती. मी दोनदा प्रयत्न केला, स्टेशनं नकाशात बघून पाठ केली, पण दोघांनी मला होटगीलाच थांबवलं. "अब्बू, ऐसा नई था." मग मी उंबऱ्यावर गप्प बसणंच बरं असं ठरलं. अठ्ठाविसाव्या की एकोणतिसाव्या रात्री तरावीहहून परत आलो. मिस कॉल दिला, पत्नीने आवाज न करता दार उघडलं आणि ओठावर बोट ठेवलं. नऊ वाजून गेलेले, मुलं झोपायला हवी होती. मधल्या खोलीतून कुजबुज येत होती. मी ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. थोरली गोष्ट सांगत होती. टीसी आला होता, भाकरी मिळाली होती. धाकटा मध्येच दुरुस्त्या करत होता, भाकरी ज्वारीची होती, बाजरीची नाही. नागणसूर गेलं. बोरोटी गेलं. दुधनी आलं, आणि थोरली थांबली. पुढे काय ते तिलाही माहीत नव्हतं. थोडा वेळ पंख्याचाच आवाज. मग तिने विचारलं, "सोया क्या?"

"नई," तो म्हणाला. "गाडी चालू कर ना, आपा."